न चावणारं पायताण

‘वारंवार लघवीला जाणे’ ही ओळ भिंतीवर काढताना बाबासो पेंटर तीनदा शिडीवरनं उतरला आणि तीनदा दूध संस्थेच्या मागं जाऊन आला. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या बायकोनं, तानूबाईनं, तिसऱ्या खेपेला विचारलंच, आज काय झालंय म्हणून. ऊन लागलंय, पाणी जास्त झालंय, असं तो म्हणाला. पाणी जास्त होण्याची ओळ त्यानं घटकाभरापूर्वीच काढली होती. ‘अतितहान लागणे.’ त्यातल्या ‘ति’ची वेलांटी जरा बसकी झाली, ह्याचंच त्याला वाईट वाटत होतं.

अक्षर काढणारा माणूस मजकूर वाचत नसतो. तो काना बघतो, मात्रा बघतो, ओळ कुठं मावती आणि कुठं कोंबावी लागती ते बघतो. दारूबंदीची घोषणा काढून झाल्यावर त्याच भिंतीला टेकून बाटली उघडणारे पेंटर बाबासोनं बघितले होते आणि त्यांना नावंही ठेवली होती. साखरेच्या आजारात तो त्यांच्यातलाच निघाला.

कोडोलीपासून तीन मैलांवर त्याचं गाव. तिथल्या बौद्धवाड्यात चौथं घर बाबासो कांबळेचं. चाळीस वर्षं ह्या माणसानं पंचक्रोशीला अक्षरं पुरवली. तालमीची पाटी त्याची, ट्रॉलीच्या फळीवरचे वाघ त्याचे, कुस्तीच्या मैदानाचे बोर्ड त्याचे. मग फ्लेक्स आला. वाढदिवसाला गल्लीतला कोणीही गॉगल लावून वाघाशेजारी उभा राहायला लागला, आणि बाबासोचे हातानं काढलेले वाघ ट्रॉलीबरोबर गंजून गेले. उरल्या त्या सरकारी भिंती. फ्लेक्स उन्हानं फाटतो, वाऱ्यानं जातो, भिंत जाग्यावर राहते. म्हणून पोलिओ, हिवताप, संडास, जे काय सरकारला लोकांना सांगायचं असेल ते बाबासोच्या ब्रशातनं उतरायचं. गेली काही वर्षं सरकार मधुमेहाच्या मागं लागलं होतं. तिशीवरच्या प्रत्येकाची साखर तपासायची, आशाताईंनी दारोदार फिरायचं, मंगळवारी दवाखान्यात तपासणी ठेवायची आणि गावोगाव भिंतींवर लक्षणं लिहायची. त्या लक्षणांच्या एकेचाळीस भिंती बाबासोनं रंगवल्या.

त्यातली सगळ्यात मोक्याची भिंत हंबीरराव पाटलांच्या गोठ्याची. तिच्यासमोर दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव किटल्या घेऊन तिथं रांगेत उभं राहतं, आणि रांगेतल्या माणसाला बघायला समोर ती भिंत सोडून दुसरं काही नसतं.

ह्या भिंतीशी कांबळ्यांचं जुनं नातं. बाबासोचा आज्जा तिच्यासमोरनं जाताना पायताण काढून काखेत मारायचा. वाड्यातल्या सगळ्यांनीच मारायचं, तशी रीतच होती. छप्पन साली बाबासोच्या बापानं दीक्षा घेतली, आणि त्याच वर्षी कोल्हापुरातनं एक जोड करून आणला, चांगला करकर वाजणारा. तो घालून तो भिंतीसमोरनं एकदा गेला आणि तसाच माघारी आला. तेव्हा भिंत मातीची होती. भिंतीआडनं कोणी काही बोललं असेल, नसेल. बाप घरी येऊन एवढंच म्हणाला होता, की सगळ्यांना नावानं हाक मारायची, पुढं राव लावायचं, पण कमरेत वाकायचं नाही. तेव्हापासून घरात कार्य निघालं की कांबळ्यांच्या पुरुषांच्या पायात नवं, करकरणारं पायताण असायचंच. दुसरं काही कमी पडलं तर पडलं.

म्हणून दोन वर्षांमागं थोरल्या पोराचं, प्रसेनजीतचं लग्न ठरलं तेव्हा बाबासोनं कोल्हापुरातल्या ओळखीच्या कारागिराकडं जोड करायला टाकला. कारागिरानं उशीर केला. पायताण हातात आलं ते लग्नाच्या सकाळी.

नवं कोल्हापुरी पायताण चावतं. हे कोल्हापूरकडं कुणी कुणाला सांगत नाही, ज्यानं त्यानं लहानपणीच भोगलेलं असतं. आठ-दहा दिवस त्याला तेल पाजायचं, घरातल्या घरात घालून हिंडायचं, अंगठ्यापाशी ओढून सैल करून घ्यायचं. मग कुठं ते पाय ओळखायला लागतं आणि पुढं पाच-सहा वर्षं तक्रार करत नाही. बाबासोला तेल पाजायला सवड नव्हती. त्यानं ते तसंच कोरं घातलं आणि वरातीपुढं दोन तास नाचला.

पायताण चावलं नाही.

हंबीररावही लग्नाला आला होता. दूध संस्थेचा चेअरमन म्हणून त्याला यावं लागतंच, शिवाय बाबासो आणि तो चौथीपर्यंत एकाच वर्गात होते. त्यानंही नवा जोड घातला होता आणि तो लंगडत होता. मांडवात टेकल्या टेकल्या त्यानं पायताण काढून खुर्चीखाली सरकवलं. ते बघून बाबासोला चेव आला. आठ माणसांत तो म्हणाला, “हंबीरराव, पाय लई लाडात वाढलंय तुमचं.”

“तुझं चावंना?”

“आमच्या पायाला भितंय ते.”

मांडव हसला. बाबासोनं तिथनंच कारागिराला फोन लावला आणि सांगितलं, की तुझ्या हातानं आजवर असा जोड झाला नव्हता, पाय घालतोय आणि काही घातलंय असं वाटतच नाही. कारागीर खूश झाला. आता हे असं आहे, की सगळ्या दुनियेत माणूस पाय दुखला नाही तर गप बसेल. पायताण चावलं नाही म्हणून मिशीला पीळ भरणारा माणूस आमच्याकडंच सापडायचा.

वरात आटपून घरी आल्यावर तानूबाईला पांढऱ्या फरशीवर उंबऱ्यापासून मोरीपर्यंत ठसे दिसले. एकाच पायाचे. तिनं नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, वरातीत गुलालात पाय पडला असेल. तानूबाई खाली बसली, बोटानं तो ठसा पुसून बघितला.

“आपला गुलाल निळा हुता. ह्यो लाल कुठनं आला?”

डाव्या पायाच्या करंगळीची आणि तिच्या शेजारच्या बोटाची कातडी पायताणानं पार सोलून काढली होती. तिनं हळद भरली. भरताना ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तो नव्या सुनेला चहा कसा लागतो ते सांगत होता. त्याला काही कळतच नव्हतं. तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, दुखत तरी नाही. नऊ दिवसांनी वास सुटला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, साखर किती दिवसांची आहे. बाबासो म्हणाला, मला साखर नाही. डॉक्टर चिडला आणि त्यानं मागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं तक्ता होता. बाबासोनं बघितलं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याला सगळा पाठ होता, कारण तोच मजकूर त्यानं एकेचाळीस ठिकाणी काढला होता. चौथी ओळ होती, ‘तळपायांच्या संवेदना कमी होणे’. ह्या ओळीत एक ‘च्या’ सोडला तर जोडाक्षर नाही म्हणून ती त्याला नेहमी सोपी जायची.

दोन्ही बोटं काढली. डॉक्टरनं सांगितलं, गोळ्या जन्मभर, बिनसाखरेचा चहा जन्मभर, रोज रात्री पाय आरशात बघायचे, आणि शिडीचं नाव काढायचं नाही. पायरी पायाला कळली पाहिजे, आणि तुमच्या पायाला आता काही कळत नाही.

मग वर्ष-दीड वर्ष बाबासो घरी बसून मोटारसायकलींच्या नंबरप्लेटा रंगवत होता. बसल्या माणसाचं डोकं चालतं. आधी त्यानं स्वतःला शिव्या दिल्या, आंधळा म्हणून. त्या देऊन झाल्यावर त्याच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. आंधळा तर आंधळा, पण मग रांगेतली बाकीची माणसं? ती तर भिंतीकडं तोंड करून रोज उभी असतात. एक दिवस तो काठी टेकत दूध संस्थेवर गेला आणि रांगेतल्या एकेकाला विचारायला लागला, चौथ्या ओळीचा अर्थ काय. एक म्हणाला, पाय गार पडत असतील. दुसरा म्हणाला, पायातली ताकद जात असेल, आमच्या आईला तसंच होतंय. चिमणाबाई म्हणून सत्तरीची एक म्हातारी होती, पेपर वाचणारी. ती म्हणाली, संवेदना म्हणजे कोणी मेल्यावर पेपरात देतात ती, ती तळपायाची कशी काय देतात ते तिला ठाऊक नाही. आणि मधुमेह म्हणजे काय, ह्यावर दोघा-तिघांचं असं मत पडलं, की साखर वेगळी आणि मधुमेह वेगळा, मधुमेह शहरातल्या लोकांना होतो.

पाच वर्षं ही माणसं त्या भिंतीकडं बघत होती.

बाबासो घरी आला आणि तानूबाईला म्हणाला, सरकारनं सांगितलं, मी लिहिलं, ह्यांनी बघितलं, आणि कुणाचं कुणाला पोचलं नाही. तानूबाईनं त्याला विचारलं, मग ह्यात तुमची काय चूक. तो म्हणाला, हात माझा होता की.

गेल्या नोव्हेंबरात मधुमेह दिनाची मोहीम निघाली आणि तालुक्याच्या आरोग्य खात्यातनं पुन्हा काम आलं. जुन्या भिंती उजळून काढायच्या, मजकूर तोच, मंजूर झालेला. गावातली आशाताई प्रियदर्शनी कागद घेऊन आली. बाबासोच्या चुलतभावाची सून ती, घरातलीच. कागद दिला आणि म्हणाली, मामा, तुम्ही चढू नका, दुसरा कोणीतरी बघते. बाबासोनं कागद घडी करून खिशात घातला आणि शिडी काढली.

तानूबाई भांडली. शिडीवरनं पडलासा तर मी उचलणार न्हाय, असं तिनं बजावलं आणि शिडी धरायला गेली. दोघांनी नीळ लावलेली सुतळी ताणून भिंतीवर ओळी मारल्या. बाबासो वर चढला. प्रत्येक पायरीवर थांबून तो खाली बघायचा, पाय खरंच पायरीवर आहे का, आणि मग दुसरा उचलायचा. पूर्वी जी भिंत दीड दिवसात व्हायची तिला चार दिवस लागले. पहिल्या तीन ओळी त्यानं कागदाबरहुकूम काढल्या, साध्या डिस्टेंपरनं. चौथ्या ओळीला त्यानं घरनं आणलेला ऑइल पेंटचा डबा उघडला. तांबडा रंग. मंजूर कागद खिशातच ठेवून त्यानं लिहिलं:

नवं पायताण चावंना झालंय?
खूश होऊ नका.
आधी साखर बघून घ्या.

संध्याकाळच्या रांगेत पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यानं वाचलं. मग हशा पिकला. मग लोक एकमेकांच्या पायाकडं बघायला लागले. कोणी म्हणालं, पेंटरनं आपलीच कथा भिंतीवर चढवली. कोणी म्हणालं, कोल्हापूरचे पायताणवाले खटला भरतील. हसून झाल्यावर एक-दोघांनी हळूच पायताणातनं पाय काढून अंगठा दाबून बघितला. पुढच्या मंगळवारी प्रियदर्शनीच्या दाराशी न बोलावता अकरा माणसं आली. एरवी तिला एकेकाच्या घरी चार चकरा माराव्या लागायच्या. आलेल्यांतल्या तिघांची साखर वाढलेली निघाली. एक तर चिमणाबाईच.

हंबीरराव मात्र आला नव्हता. प्रियदर्शनी त्याच्या घरी सहा वेळा जाऊन आली होती. दर वेळी तो सोप्यात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, की आमची साखर कारखान्यात असते, रगतात नसते.

आठवड्यानं खात्याचे साहेब भिंतींचे फोटो काढायला आले. ऋतुराज त्यांचं नाव, तिशीतला माणूस, पुण्याकडचा. वाईट नव्हता. मोहीम मनापासून करत होता, गावोगाव हिंडून त्याचा घसा बसला होता. भिंतीचा फोटो काढून वर पाठवायचा आणि तो मंजूर कागदाशी जुळला पाहिजे, एवढीच त्याची अडचण. मोबाइल डोळ्यासमोर धरला आणि तसाच खाली घेतला. बाबासोला बोलावणं गेलं. दुधाची वेळ होती. रांग भरलेली होती, आणि रांगेला घाई नव्हती.

साहेबांनी चांगल्या शब्दांत विचारलं, की चौथी ओळ कुठं आहे. बाबासो म्हणाला, तीच आहे, फक्त कळेल अशी काढली आहे. साहेब म्हणाले, भावना समजली, पण भाषा अशुद्ध आहे, पायताण हा शब्द आरोग्याच्या संदेशात बरा दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे तो मंजूर नाही. आजच्या आज पुसून जुनी ओळ घाला.

बाबासोनं काठी दोन्ही हातांत धरली.

“साहेब, शुद्ध मी एकेचाळीस भितींवर लिवलं. त्यात माझी दोन बोटं गेली. आता एक अशुद्ध राहू दे की.”

रांगेत कोणीतरी व्हय म्हणालं. प्रियदर्शनीनं अकरा माणसांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गोठ्याच्या दारातनं हंबीरराव बाहेर आला. त्याला आतून सगळं ऐकू आलं होतं. तो साहेबांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ते म्हणतात तर पूस, त्यात एवढं काय. मग भिंतीकडं बघून म्हणाला, “आणि भित माझी हाय. माझ्या भितीवर पायताण नको मला.”

आता ह्या वाक्याचा अर्थ साहेबांना कळला नाही, कारण ते पुण्याकडचे. रांगेला कळला. किटल्यांची टोपणं वाजायची थांबली. बौद्धवाड्यातले चौघं-पाचजण रांगेत होते, ते बाबासोकडं बघायला लागले, आता हा काय बोलतोय म्हणून.

बाबासोलाही कळला. आज्ज्याची काख, बापाची करकर, सगळं त्याच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. त्याच्या जिभेवर जे आलं होतं ते त्या दिवशी बोललं गेलं असतं, तर गावात दोन तट पडले असते. तो बोलणार होता. म्हणून त्यानं मान खाली घालून दम घेतला, आणि त्याला हंबीररावाचे पाय दिसले.

कोरं पायताण होतं. चार दिवसांचंही नसेल. कातड्याचा बदामी रंग अजून उतरला नव्हता. आणि उजव्या पायाच्या पट्ट्याखाली, अंगठ्याच्या बाजूला, कातडं काळपट झालं होतं. तेलाचा डाग पसरतो, त्याला कड नसते. ह्या डागाला कड होती. तांबडा वाळला की कसा दिसतो हे रंगाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. आणि हंबीरराव त्या पायावर सगळा भार देऊन उभा होता. गोठ्याच्या दारातनं इथपर्यंत तो सरळ चालत आला होता, एक पाऊल लंगडला नव्हता.

“हंबीरराव,” बाबासो म्हणाला, “पायताण काढा.”

ह्याच भिंतीसमोर, कांबळ्यानं पाटलाला.

“काय म्हणालास?”

“उजवं. उजवं काढा.”

हंबीररावाच्या मानेची शीर ताठ झाली. त्याचा पुतण्या संस्थेच्या पायरीवरनं दोन पावलं खाली आला. साहेब घाबरून मध्ये हात घालायला लागले. बाबासो जाग्यावरनं हलला नाही. काठी पुढं करून त्यानं तिचं टोक त्या डागावर टेकवलं, नुसतं टेकवलं, आणि म्हणाला, “ह्ये दुखतंय?”

“कशाला दुखंल?” हंबीरराव तापला होता. “परवाच आणलंय. एक दिवस चावलं न्हाय पायताण.”

म्हणाला आणि त्याच्या समोरच भिंत होती. हातहातभर तांबडी अक्षरं.

रांग वाचत होती. हंबीररावही वाचत होता, ओठ हलवून. त्यानं ती ओळ आठ दिवसांत वाचली नव्हती असं नाही. वाचली होती आणि ती बाबासोची म्हणून सोडून दिली होती. आता त्याचा राग कुठं ठेवावा हे त्याला कळेना. कोणी हसलं नाही. चिमणाबाईनं रांगेतनं सांगितलं, काढ रं लेकरा, मी पण काढून बघितलंय.

भिंतीला हात टेकून हंबीररावानं उजवं पायताण काढलं. अंगठ्याची बाजू हाडापर्यंत गेली होती. पायताणाच्या आत रक्त वाळून त्याची पापडी धरली होती. प्रियदर्शनीनं पिशवीतनं यंत्र काढलं, त्याच्या बोटाला टोचलं, आणि आकडा चेअरमनला भीत भीत सांगावा तसा नाही, तर शाळेत पोराला सांगावा तसा सांगितला. तीनशे शहाऐंशी. जेवणाच्या आधी.

हंबीरराव बाबासोला एवढंच म्हणाला, “तुला कसं दिसलं?”

“तुमच्याआधी घातलंय मी ते.”

पुतण्यानं गाडी काढली आणि त्याला कोल्हापुरात दवाखान्यात नेलं.

आता एवढं झाल्यावर भिंत राहिली असेल, असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. साहेबांनी बाबासोचा हात हातात घेतला, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं म्हणाले, डोळ्यांत पाणीबिणी पण आलं असेल. मग म्हणाले, पण फोटो जुळला पाहिजे. ओळ वर मंजुरीला पाठवतो, तोवर ती झाकू. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून माणूस आला, त्यानं चौथ्या ओळीवर चुन्याचे दोन हात मारले आणि वर काळ्या रंगानं ‘तळपायांच्या संवेदना कमी होणे’ लिहून टाकलं. वाकडं लिहिलं. साहेबांनी फोटो काढला, फोटो जुळला, मोहीम शंभर टक्के झाली.

तानूबाईला वाटलं, नवरा आता आकांत करणार. बाबासो अंगणात बसून बिनसाखरेचा चहा पीत होता आणि नंबरप्लेटीवर ब्रश चालवत होता. ती म्हणाली, तुम्हाला काहीच वाटंना? तो म्हणाला, जरा थंडी पडू दे.

ऑइल पेंटवर चुना बसत नाही. हे चाळीस वर्षं भिंती रंगवणाऱ्याला ठाऊक असतं आणि तालुक्याहून एका दिवसासाठी आलेल्या माणसाला नसतं. पहिल्या तीन ओळींवर मारलेला चुना वर्षभर टिकला असता. चौथ्या ओळीवरचा पंधरा दिवसांत फुगला, मग त्याला भेगा पडल्या, आणि सकाळच्या दवानं पापुद्रे सुटायला लागले. आधी ‘खूश’ बाहेर आलं. रांगेत लोक त्यावर पैज लावायला लागले, उद्या कुठलं अक्षर निघतंय म्हणून.

हंबीरराव महिन्यानं घरी आला. अंगठ्याचं नख आणि थोडं मांस गेलं, अंगठा राहिला. तोही आता सकाळच्या उन्हाला भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचा, पाय स्टुलावर, आणि हातातल्या काठीच्या टोकानं बसल्या बसल्या चुना खरवडायचा. आल्यागेल्याला दरडावायचा, पायताण काढ, पाय दाखव. चेअरमन असल्यामुळं लोकांना दाखवावा लागायचा. बाबासोला त्यानं कधी बरं वाटलं, चांगलं केलंस, असलं काही म्हटलं नाही. बाबासोनंही त्याची वाट बघितली नाही. एक दिवस तो जाताना हंबीररावानं हाक मारली, म्हणाला, “पेंटर, चुन्याबरोबर ‘नवं’वरचं टिंब गेलंय तुझं. तेवढं भरून घे. वाईट दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी शिडी लागली. तानूबाई खाली, बाबासो चौथ्या पायरीवर, एक हात भिंतीला, एका हातात ब्रश. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. साहेब होते. तपासणीला वरिष्ठ येणार आहेत, त्या भिंतीची ओळ पुन्हा दिसायला लागली असं कळलंय, मंजुरी अजून आलेली नाही, तेव्हा आजच्या आज तुम्ही स्वतः ती पुसून टाका, असं त्यांनी घाईघाईनं सांगितलं.

बाबासोनं ब्रश दातांत धरून फोन नीट कानाला लावला. मग ब्रश हातात घेतला आणि म्हणाला, “पुसलं असतं की साहेब. पण शिडी चढायला डाक्टरनं बंदी केलीया मला.”

फोन खिशात गेला. त्यानं पाय पायरीवर आहे का ते खाली बघून घेतलं, आणि टिंब चांगलं ठळक भरलं, ऑइल पेंटनं.